टपावरची सळई आणि सरांचा पाय

आमच्या सरांच्या उजव्या पायाइतका कामसू अवयव मी डोंबिवलीत दुसरा पाहिलेला नाही. सर मोटार ट्रेनिंग स्कूल चालवायचे. शिकणारा स्टिअरिंगवर, सर डावीकडच्या सीटवर, आणि सरांच्या पायाशी जादाचा क्लच आणि जादाचा ब्रेक. ट्रेनिंगच्या सगळ्याच गाड्यांना असे दुहेरी पेडल असतात, त्यात नवल नाही. नवल हे की आपला पाय सारखा ब्रेकवर जातो हे सरांना ठाऊकच नव्हतं. तोंडाने "छान, छान, असंच" चालू असायचं आणि खाली पाय आपलं काम करत असायचा. उजव्या बुटाचा तळ चार महिन्यांत झिजायचा, डावा नवाकोराच राहायचा. त्यांच्या बाल्कनीत नुसत्या डाव्या बुटांची एक रांग लागलेली होती. स्टेशनजवळच्या मोच्याने एकदा भीत भीत विचारलेलं म्हणे, साहेब, लंगडता का.

माणूस मात्र अतिशय सभ्य. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा फुल शर्ट, खिशात दोन रुमाल, एक घामाचा आणि एक आरशाचा. अठरा वर्षांच्या पोरालाही "आपण" म्हणायचे. "आपण आता दुभाजकावर चढत आहात," हे वाक्य त्यांनी मला ज्या आवाजात ऐकवलं, त्या आवाजात लोक पाहुण्यांना चहा घेणार का विचारतात. हॉर्नचा त्यांना मनस्वी तिटकारा. रिक्षावाल्यांबद्दल एक अक्षर वाईट बोलायचे नाहीत. म्हणायचे, "रिक्षावाला हा पाऊस आहे. पावसावर रागवायचं नसतं, छत्री उघडायची असते." छत्री म्हणजे काय हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आता कळतं, छत्री म्हणजे त्यांचा पाय.

मी त्यांच्याकडे शिकले तेव्हा छत्तीस वर्षांची होते. एकवीस दिवसांत शिकले. टेस्टही त्याच गाडीत झाली, सर शेजारीच बसलेले, आणि मी पहिल्या फटक्यात पास. घरी पेढे आणले. त्यानंतर अकरा वर्षं गाडी नवऱ्याने चालवली आणि लायसन माझ्या कपाटात साडीच्या घडीत पडून राहिलं. मग नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी त्याला गाडीला हात लावायचा नाही म्हणून दम भरला, आणि आमची गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी राहिली. येणारा जाणारा विचारायचा, "मॅडम, विकायची आहे का?" मला राग यायचा. मी ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवते. पोरांना अख्खं जग फिरवून आणते आणि स्वतःच्या गाडीत बसून ठाण्याला जाऊ शकत नाही, म्हणजे काय?

एका शनिवारी कव्हर काढलं, गाडी चालू केली, ऐटीत गेटपर्यंत नेली आणि गेटच्या खांबावर नेऊन आपटली. जोरात नाही, पण वॉचमन उठून उभा राहिला. मला घाबरण्यापेक्षा आश्चर्यच जास्त वाटलं. खांब समोर दिसत होता, तो जवळ येतोय हेही दिसत होतं. मी शांतपणे वाट बघत होते, कारण माझी पक्की समजूत होती की खांब जवळ आला की गाडी थांबते. एकवीस दिवस ती तशीच थांबायची.

मी तणतणत सरांच्या शाळेत गेले. काय तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही मला गाडी शिकवलीच नाहीत, म्हटलं, तुम्ही स्वतः चालवलीत आणि मी नुसती स्टिअरिंगला धरून बसले होते. सरांनी मला पाणी दिलं. मग स्वतःच प्यायले. बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसले, जणू तो कोणी दुसऱ्याने आणून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायला सुरुवात केली. नमस्कार, आपण गाडी चालवता का? बहुतेकांचं उत्तर एकच, सर, गाडी आहे, पण ड्रायव्हर ठेवलाय. एक जण ठाकुर्लीला भाजीच्या हातगाडीत गेला होता आणि तेव्हापासून सायकलवर होता. एका बाईंनी तर सांगितलं की तुमच्या गाडीसारखी गाडी कुठे मिळते सांगा, आमची मेली थांबतच नाही. एवढ्या वर्षांचे विद्यार्थी, आणि सगळे सरांच्या पायावर पास झालेले. सरांनी आठ दिवस शाळा बंद ठेवली. नंतर माझ्या घरी आले, चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाले, "मला एक तरी विद्यार्थी माझ्या पायाशिवाय पोचलेला बघायचा आहे. तो आपण व्हाल का? नाही झालात तर मी बोर्ड उतरवतो."

मी हो म्हटलं. बोलणी ऐकवून आलेली मीच.

त्यांची योजना अशी. मी माझ्या गाडीत एकटी बसायचं, लायसन तर होतंच. सर मागून ट्रेनिंगच्या गाडीतून येणार आणि तिथून मला सांगणार. पाय लांब, आवाज जवळ. पहिल्यांदा आम्ही फोनवर करून बघितलं. स्पीकर लावून ठेवला आणि मी आमच्याच गल्लीत एक फेरी मारली. सरांचं "ब्रेक" माझ्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागायचा, तेवढ्यात गतिरोधक मागे पडलेला असायचा. वर मध्येच गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला. सर म्हणाले, फोन हा चौक आहे, तिथे कोणीही घुसतं, आपल्याला आपली गल्ली पाहिजे.

ही गल्ली म्हणजे सीबी रेडिओ. परदेशात ट्रकवाले एकमेकांशी ज्यावर बोलतात तो. सरांचा एक विद्यार्थी कॅनडात ट्रक चालवतो (त्याला तिथे जाऊन दुसऱ्याच कोणीतरी शिकवलं असणार), त्याच्याकडून दोन जुने सेट आलेले. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. या लहरींना परवाना लागत नाही हा नियम सरांनी छापून, लॅमिनेट करून काचेला लावला. पोलिसाने विचारायच्या आधीच ते त्याला थांबवून दाखवायचे.

सेट मिळणं सोपं होतं. अवघड होती अँटेना. सरांनी माझ्या डायनिंग टेबलावर कागद पसरून मला समजावलं की रेडिओ कितीही चांगला असो, टपावरची सळई बरोबर नसेल तर तो नुसता डबा. सळई जितकी लांब तितकी चांगली. हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि अक्षरशः घेतलं. ट्रेनिंगच्या गाडीच्या मागच्या बंपरला स्प्रिंग लावून पोलादाची एक लवलवती काठी बसवली, माणसापेक्षा उंच. गाडी थांबली तरी ती मागे-पुढे हलत राहायची.

इथे काकूंबद्दल, म्हणजे सरांच्या बायकोबद्दल, सांगायला हवं. सर देशावरचे, आणि काकू शीळफाट्याजवळच्या गावातल्या, आगरी, घरच्या जमीनदार. लग्नाआधी वडिलांचा भाताचा टेंपो चालवायच्या. हे लग्न कसं जमलं ते विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. सर मागच्या गाडीत मायक्रोफोन धरणार म्हणून गाडी काकू चालवणार होत्या. त्या चालवायच्या झकास, फक्त सर शेजारी बसले की म्हणायच्या, "आज माझी गारी दोघा जनांची."

तर ती लांब काठी घेऊन काकू आणि सर पहिल्यांदा बाहेर पडले, आणि मानपाड्याला कोणा दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स रस्त्यावर आडवा बांधलेला होता. काठीचं टोक दोरीत अडकलं. काठी वाकली, आणखी वाकली, दोरी तुटली, काठी झटक्यात पुढे आली आणि दादा हसतमुखाने गाडीच्या काचेवर येऊन पसरले. काकूंना पुढचं दिसेना. पोरं धावत आली, कोणी केलं, कोणत्या पार्टीचे म्हणून. सर खाली उतरून त्यांना लॅमिनेट केलेला नियम दाखवायला लागले. शेवटी काकू उतरल्या. त्या दादाला त्यांनी लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं निघालं, त्यांच्या मावसबहिणीचा मुलगा तो. पोरांनी फ्लेक्स गुंडाळला आणि काकूंना कोल्ड्रिंक पाजलं. काठी त्याच संध्याकाळी निघाली.

मग आखूड सळई आणली, तिला डिकीच्या कडेला चिमटा लावून बसवलं. आता सरांकडे एक मीटर पण आलेला. तो रेडिओ आणि सळईच्या मध्ये जोडायचा. काटा लाल पट्ट्यात गेला म्हणजे रेडिओने बाहेर टाकलेली ताकद बाहेर न जाता परत त्याच्याच अंगावर येतेय, सेट जळायचा. काटा लालच्या पलीकडे जाऊन पडला. सरांनी दोन दिवस वाचन केलं आणि तिसऱ्या दिवशी मला शाळेत फोन केला, मधल्या सुट्टीत. आवाज आनंदाने भरलेला. सळई हा अँटेनाचा अर्धाच भाग असतो, म्हणाले, उरलेला अर्धा म्हणजे खालचा पत्रा. म्हणून सळई टपाच्या मधोमध पाहिजे, चारी बाजूंना सारखा पत्रा. कडेला लावली की ती एका पायावर उभी राहते. मी म्हटलं, सर, पायाचं नाव काढू नका.

टपावर लावायची सळई चुंबकाच्या बुडाची मिळते. भोक पाडायला नको, पत्र्यावर ठेवली की चिकटते. माझ्या गाडीवर ती ठेवली आणि टप्पकन बसली. नवऱ्याने काळ्या चष्म्यातून वर बघितलं आणि फक्त विचारलं, आता टीव्ही पण लागणार का. सरांच्या गाडीवर मात्र ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. चुंबक खराब म्हणावं तर माझ्या गाडीवरून तो निघता निघत नव्हता.

झालं होतं असं की ती गाडी वर्षानुवर्षं शिकाऊ लोकांच्या हातात. जिथे जिथे पोचा आला तिथे तिथे गॅरेजवाल्याने लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरून, घासून, रंग मारून दिलेला. वरून गाडी गुळगुळीत, आत जाड लांबीचा थर, आणि लांबीला चुंबक चिकटत नाही. टपावर पुढेमागे शाळेच्या दारातल्या माडाचे नारळ पडले होते, तिथेही लांबीच. मग सरांनी घरातून फ्रिजवरचं चुंबक आणलं, गणपतीचं, आणि ते गाडीभर फिरवायला लागले. गाडीत गाडी किती उरली आहे ते बघतो, म्हणाले. गणपती एके ठिकाणी चिकटायचा, दुसऱ्या ठिकाणी गळून पडायचा. आणि प्रत्येक ठिकाण सरांना पाठ होतं. हा डावा दरवाजा, बँकेतले एक साहेब, विजेचा खांब. हे मागचं मडगार्ड, दोघी जावा, एकाच आठवड्यात. उजव्या दारापाशी गणपती गळून पडला, तो मी उचलला. मी विचारलं, हे कोण? म्हणाले, "आपण. चौथ्या दिवशी. मी आपल्याला सांगितलं नव्हतं, आपण नाउमेद झाला असतात." अकरा वर्षं मला वाटत होतं की मी कुठे घासलेच नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की मी नुसतीच गणपती हातात घेऊन उभी राहिले.

शेवटी टपावर अस्सल पत्रा सापडला तो फक्त बोर्डाखाली. शाळेच्या नावाचा तो लाल-पांढरा बोर्ड टपाच्या बरोबर मध्यावर, पहिल्या दिवसापासून. तो असल्यामुळे तिथे ना नारळ पडला ना लांबी लागली. सरांनी पान्हा आणला. मग म्हणाले की रविवारी या गाडीत शिकाऊ कोणी नाही, तर बोर्डाची गरज नाही, आणि बोल्ट सोडवायला लागले. मी नापास झाले तर तो बोर्ड परत चढणार नव्हता, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. काकूंनी बोर्ड पुसून, चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला.

सळईची लांबी जुळवायला टोक थोडं थोडं कापावं लागतं, काटा खाली येईपर्यंत. सरांनी पहिल्याच झटक्यात चांगलं दोन बोटांएवढं टोक उडवलं आणि ती सळई वाया गेली. काकू म्हणाल्या की ब्लाउज शिवणारी बाईसुद्धा आधी शिलाईत सोडून कापते. दुसरी सळई काकूंनी कापली, कानशीने झिजवत झिजवत. काटा हिरव्यात येऊन बसला.

रविवारी सकाळी निघालो. डोंबिवली ते ठाणे, माझ्या शाळेच्या मैदानापर्यंत. सरांचं म्हणणं, डोंबिवलीत जे करतात त्याला गाडी चालवणं म्हणत नाहीत, वाट काढणं म्हणतात. चालवणं शीळफाट्याच्या पुढे सुरू होतं. मला बोलायची मनाई होती, मी फक्त ऐकायचं. डॅशबोर्डखालून सरांचा आवाज यायचा, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा. ब्रेक. क्लच. आता सोडा. छान. मानपाडा गेलं आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सरांचं "ब्रेक" येतं तेव्हा माझा पाय आधीच तिथे असतो. मी पुढची गाडी बघत होते, सर मला बघत होते, आणि पुढची गाडी मला त्यांच्याआधी दिसत होती. एवढी साधी गोष्ट, पण मला हसू फुटलं, एकटीच हसले.

शीळफाट्याला मुंब्र्याकडे उजवीकडे वळायचं. मी वळतेय तोच एक ट्रेलर डावीकडून आडवा घुसला. मी ब्रेक मारला. गाडी थांबली, ट्रेलर गेला, मी निघाले. हे सगळं झाल्यावर सेटमधून सरांची किंकाळी आली आणि पाठोपाठ टायर घासल्याचा आवाज, हॉर्न, आणखी हॉर्न. आरशात बघितलं तर ट्रेनिंगची गाडी चौकाच्या मधोमध मेल्यासारखी उभी. सरांचा पाय. माझ्यासाठी मारलेला ब्रेक त्यांच्या गाडीला लागला होता. घाबरून त्यांनी मायक्रोफोनचं बटण मुठीत गच्च दाबून धरलेलं, त्यामुळे मला काही विचारता येईना, पण त्यांच्या गाडीतलं सगळं ऐकू येत होतं. पोलिसाची शिट्टी, लोकांचं ओरडणं, आणि त्यावर काकूंचा आवाज.

"पाय कारा. गारी तिची, पाय हितं कशाला दाबताव?"

"ट्रेलर आला होता," सर म्हणत होते, "ट्रेलर आला होता हो."

"गेली ती. बगा तरी. गेली."

मी थांबणार होते. देवाशपथ, इंडिकेटरसुद्धा दिला होता. पण मागे डंपर होता, आणि थांबायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर थांबायची इच्छाही नव्हती. मी पुढे गेले. सरांचा आवाज हळूहळू खरखरीत होत गेला, डोंगर मध्ये आला, आणि सेट गप्प झाला. गाडीत मी एकटी. इतकी घाबरले की मोठ्याने देशांच्या राजधान्या म्हणायला लागले. मुंब्रा गेलं, कळवा गेलं, पूल गेला. राजधान्या संपल्या तेव्हा मी शाळेच्या मैदानात होते.

ते दोघं पाऊण तासाने आले. सर उतरले, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही बाजूंनी हात फिरवून बघितलं. कुठे ओरखडा नव्हता.

"शीळफाट्याला ब्रेक कोणी मारला?"

"मी."

"मी सांगायच्या आधी?"

"आधी, सर."

त्यांनी रुमाल काढला, डोळ्यांपर्यंत नेला आणि वाकून त्याने माझा आरसा पुसला. काकूंनी मागच्या सीटवरून बोर्ड काढून त्यांच्यापुढे धरला. सरांनी तो बघितला, घरी जाऊन चढवू म्हणाले, आणि मग मला विचारलं, परत जाताना मी आपल्या गाडीत बसलो तर चालेल का. मी म्हटलं, सर, माझ्या गाडीत डावीकडे पेडल नाहीत. म्हणाले, म्हणूनच.

बूट काढून हातात घेतले, डावीकडच्या सीटवर पाय वर घेतले आणि मांडी ठोकून बसले. पट्टा लावला. दोन्ही हात गुडघ्यांवर. कळव्याचा पूल येईपर्यंत त्यांचा उजवा गुडघा दोन-तीनदा उडाला, खाली काही नव्हतं. काकू मागून येत होत्या. कळव्यात गाड्या तुंबल्या आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो, तेव्हा सेट खरखरला.

"काय बोलतान गं बाय, हे?"

मी डावीकडे बघितलं आणि बटण दाबलं. "झोपलेत, काकू."

मग काकू म्हणाल्या, "नीट बग. डोले मिटून बसलं असतील. लगीन झाल्यापासून मानूस यष्टीत पन झोपलं नाय."

मी नीट बघितलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर बूट. गाड्या सुटल्या, मी गिअर टाकला. बायपासच्या उतारावर पुढच्या टेंपोने एकदम ब्रेक मारला. मीही मारला. सर पुढे झुकले, पट्ट्याने त्यांना मागे आणलं, आणि ते घोरतच राहिले.